पाचव्या नटावरचा निळा रंग

सकाळी सव्वासहाची बस आमच्या दारासमोरून गेली, तेव्हा ड्रायव्हरनं आम्हाला पाहून गाडी हळू केली होती. इस्त्रीची पांढरी साडी नेसून, पायाशी ट्रंक ठेवून ताई अंगणात उभी होती. आम्ही गाडीचीच वाट पाहतोय असं त्याला वाटलं असणार. मी हात हलवून त्याला "जाऊ द्या" अशी खूण केली. बस गेली. एटापल्लीकडं दिवसा जाणारी ती एकच बस. त्यानंतरची संध्याकाळी.

ही चूक माझी, हे आधीच लिहून टाकतो. पुढं जे झालं त्यात नट, पाना, गंज यांना मी इतक्या शिव्या दिल्या आहेत की वाचणाऱ्याला दोष त्यांचाच वाटायचा.

ताईला नर्सची नेमणूक मिळाली होती, एटापल्लीच्या सरकारी दवाखान्यात. कागदात स्वच्छ लिहिलं होतं की दिलेल्या तारखेला कार्यालयाची वेळ संपायच्या आत हजर न झाल्यास नेमणूक रद्द समजावी आणि यादीतलं पुढचं नाव घ्यावं. कागद हातात पडला तेव्हा दोनच दिवस उरले होते. एक दाखले गोळा करण्यात गेला. दुसरा म्हणजे हा. संध्याकाळी पाचच्या आत ताईनं तिथं सही करायची होती, नाहीतर तीन वर्षांचं शिक्षण, रात्रपाळ्या आणि मायनं तिच्यासाठी मोडलेल्या दोन पाटल्या, सगळं पुढच्या नावाच्या खाली गाडलं जाणार होतं.

आमचं गाव गोंडपिपरीच्या अलीकडं. तिथून एटापल्ली नव्वदएक किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता जंगलाचा. बसनं गेली असती तर दुपारी जेवायच्या वेळेला पोचली असती. पण आदल्या संध्याकाळी विहारात मी उभा राहून बोललो होतो. आपल्या वस्तीतली पहिली नर्स दुसऱ्याच्या गाडीत दांड्याला लोंबकळत का जाईल? ती आपल्या जीपमधून जाईल. टाळ्या पडल्या. बाबा जीप चालवायचे, त्यांनी मान डोलावली. ताईला बसनं जायचं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी असा बोलायचो, कारण मला दुसरं बोलता येत नव्हतं. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, आणि आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. सभा, मोर्चा, शिबिर, निषेध, कुठंही जे छापलं जाईल त्याची एक प्रत बाबा घरी आणत. मी अक्षरं त्या पत्रकांवर गिरवली. शाळेत "माझी आई" या विषयावर निबंध लिहायला सांगितला तर मी "बंधुभगिनींनो" अशी सुरुवात केली होती. पुढं मी स्वतःच पत्रकं लिहायला लागलो. वीस वर्षांचा होतो. जगातली प्रत्येक गोष्ट मला एका पानात मावणारी वाटायची.

जीप वस्तीची होती. सरकारी लिलावातून जुनी घेतलेली, वर्गणी काढून. दर वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत प्रतिमा तिच्यावर असायची, म्हणून मिरवणुकीच्या दोन दिवस आधी तिला निळा रंग द्यायची रीत पडली. सहा वर्षं झाली होती आणि सहाही वर्षं ब्रश माझ्याच हातात होता. विहाराच्या दारांना दिला तोच ऑइलपेंट. बॉनेट, दारं, मडगार्ड, चाकं. मी काही सोडायचो नाही. जीप लांबून येताना दिसली की अख्खी निळी दिसायची आणि माझी छाती फुगायची.

बस गेली आणि बाबा जीपकडं वळले, तर मागचं डावं चाक जमिनीला टेकलेलं. रात्रीतून हवा गेली होती.

"पंक्चर आहे," बाबा म्हणाले. "घाबरण्यासारखं काही नाही. स्टेपनी चांगली आहे. वीस मिनिटांचं काम."

वीस मिनिटांचं काम असायलाच हवं होतं. मी पुढच्या चाकाला दगड लावला, हत्यारांची पिशवी ओतली आणि चाकाचा पाना नटावर बसवायला गेलो. बसेना. पाना त्याच जीपचा, नट त्याच जीपचे, आणि तरी बसेना. मी ढकलला, हातोडीनं ठोकला. तो नटाच्या तोंडाशीच अडत होता.

"पाना पसरला असेल," मी म्हणालो.

"पसरला असता तर सैल झाला असता," ताई म्हणाली. ती अजून उभीच होती. बसली तर साडीला चुण्या पडतील म्हणून.

मला ते कळलं नाही, म्हणजे मी ऐकलंच नाही. पिशवीत एक नंबर मोठा पाना होता. तो बसला. थोडा डुगडुगत होता, पण बसला. पायानं दाब देऊन एकेक नट करकरत सुटला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येकाबरोबर निळ्या पापडीचे तुकडे मातीत पडत होते. सात वाजत आले होते. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि समाधानानं खिशात टाकलं.

पाचवा नट खालच्या बाजूला होता. रंग देताना ओघळ खाली उतरतात, ते सहा वर्षांचे ओघळ त्याच्यावर जमले होते. तो नट दिसतच नव्हता, निळी गोटी दिसत होती. मी पाना लावला, त्यावर उभा राहिलो आणि उसळी मारली. पाना घसरला. मी कोपरावर पडलो. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी नटानं आपला कोपरा सोडला. माणसानं कागद दुमडावा तसा तो कोपरा दबला, आणि पाना त्याच्यावरून नुसता फिरायला लागला.

मग जे होतं ते झालं. रॉकेल ओतलं, थांबलो, लावला, घसरला. हातोडीनं चारी बाजूंनी ठोकलं. हातपंपाचा जुना पाइप होता, तो पान्याच्या दांड्यावर चढवून बाबा आणि मी दोघं लोंबकळलो. पाइप वाकला. नट तसाच. आठ वाजले. ऊन अंगणात आलं. माझ्या उजव्या हाताची सालं निघाली होती आणि रॉकेलनं ती झोंबत होती.

दुसरी माणसं असती तर बरं झालं असतं, पण वस्ती रिकामी होती. मोहफुलं पडायचे दिवस होते. झुंजूमुंजू होताच लहानथोर टोपल्या घेऊन जंगलात गेले होते, ते दुपारशिवाय परत येणार नव्हते. रस्त्यावरून बांबूचे ट्रक जात होते, पण भरलेले, बल्लारपूरकडं. आमच्या उलट दिशेनं. मी एकाला हात केला. त्यानं हॉर्न वाजवला, बस्स.

माय चहा घेऊन आली. तिनं चाकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मिस्त्रीले बोलाव नं."

"नाही."

"काऊन नाई?"

"तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, कारण मी ते छापलं होतं. मागच्या जयंतीच्या आदल्या दिवशी जीप सुरू होईना, तेव्हा फाट्यावरच्या मिस्त्रीनं आम्हाला थांबवून ठेवलं आणि आमच्या मागून आलेल्या ठेकेदाराचा ट्रॅक्टर आधी घेतला. आम्ही जीप हातानं ढकलत मिरवणूक काढली. मी त्या रात्री पत्रक लिहिलं. गॅरेजात कुणी पाऊल ठेवू नये. एक वर्षाची गोष्ट, आणि वस्तीतल्या कुणीही ठेवलं नव्हतं. सायकलीसुद्धा लोक दुसऱ्या गावाला नेत होते. माझ्या शब्दाखातर.

"त्याच्या दारात मी जाणार नाही," मी म्हणालो. "हा आपल्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे."

"मले स्वाभिमान दिसत नाई," माय म्हणाली. "मले घड्याळ दिसते."

"तत्त्वाला वेळ लागतो, माय."

"लागू दे. पोरीले पाच वाजेपर्यंतच वेळ आहे."

बाबा मधे पडले नाहीत. ते पाइप सरळ करत बसले होते, आणि मला राग त्यांचाच आला. ज्या माणसानं मला हे सगळं शिकवलं, त्यानं आता माझ्या बाजूनं एक वाक्य बोलायला हवं होतं. ते पाइपावर दगड मारत राहिले.

मी पुन्हा नटाशी भिडलो. छिन्नी लावून ठोकली, म्हणजे नट कापूनच काढू. छिन्नी रंगात रुतायची आणि बाजूला सरकायची. दात खाऊन, घामानं आंधळा होऊन मी ठोकत होतो आणि मनात पत्रकच लिहीत होतो. या मुर्दाड लोखंडानं आम्हाला अडवलं आहे. पण लोखंडाला ऐकू येत नाही, ही फार अपमानाची गोष्ट आहे. माणूस निदान उलट बोलतो.

नऊ वाजता मान वर केली तर ताई अंगणात नव्हती. ट्रंक होती.

"कुठं गेली?"

"गेली," माय म्हणाली आणि आत निघून गेली.

फाटा दीड किलोमीटर. मी मागं धावलो असतो तर तिला गाठलं असतं. धावलो नाही. मिस्त्री येईल, माझ्या नाकासमोर दोन मिनिटांत नट काढेल, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होईल, याच विचारानं मी अंगणात बसून राहिलो. खरं तर तो आला असता तर मी घरात जाऊन दार लावून घेतलं असतं, इथपर्यंत माझं ठरलं होतं.

ताई एकटीच परत आली. साडीच्या काठाला धूळ, हातात भलामोठा काळा पाना.

"तो येत नाई म्हणते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी म्हणलं, मिस्त्री भाऊ, असं असं झालं, चला. तर म्हणते, बाई, तुमच्या भावानं छापून वाटलं का माह्या गॅरेजात कोणी पाय ठेवू नये. तुमचे लोक वर्षभर नाई आले. त्यायनं शब्द पाळला. मंग मी तुमच्या अंगणात पाय ठेवला तर माही काय इज्जत राहिली?" ताईनं पदरानं तोंड पुसलं. "मी म्हणलं, मी तर आली नं. तर म्हणते, तुम्ही बाहेरच उभ्या आहात. खरंच मी बाहेरच उभी होती."

बाबा हसले. मी नाही.

"मग पाना कशाला दिला?"

"त्यानं इचारलं, नट दिसते का नुसता रंग दिसते? म्हणलं, रंगच दिसते. मंग इचारलं, गाडीचा पाना बसते का? म्हणलं, नाई बसत, मोठा लावला. त्यानं डोक्याले हात लावला. म्हणते, सहा वर्षं नटाले रंग देऊन राह्यले तुम्ही लोकं? नट जाडा झाला रंगानं. मोठा पाना रंगाले धरते, नटाले नाई धरत, म्हणून घसरून राह्यला. अन् बोल्टच्या पुढच्या आट्यातही रंगच भरला असन. आधी तो जाळा, खरवडा, नट उघडा करा, मंग हा लावा. सगळ्या बाजू धरते हा, कोपरा गेला तरी."

मी पायाशी पडलेल्या निळ्या पापड्या पाहत होतो. तीन तास त्या माझ्यासमोर पडत होत्या.

"जाळायचा म्हणजे?" मी विचारलं. "स्टो लावायचा? त्या रंगाला?"

"हाव."

"निळ्या रंगाला आग लावायची? आपल्या हातानं?"

मी हे खरंच बोललो. आज लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा ते शब्द माझ्या तोंडून निघाले आणि मला ते अगदी बरोबर वाटले. कुणी रस्त्यावरून पाहिलं तर काय म्हणेल, अशी भीती नव्हती. भीती दुसरीच होती. तो रंग मी दिला होता. सहा वर्षं, दर वर्षी, गुडघ्यावर बसून, चाकाच्या आतल्या बाजूपर्यंत ब्रश घालून. त्या सहा वर्षांत एकदाही चाक खोललं नव्हतं. ग्रीस लावलं नव्हतं. नट कुठल्या नंबरचे आहेत ते बघितलं नव्हतं. आधीच्या हाताखाली गंज होता, तो घासला नव्हता. वरून नवा हात दिला होता. गाडी चालते की नाही याच्यापेक्षा ती लांबून कशी दिसते, एवढंच मी पाहिलं होतं. आणि हे मला फाट्यावरच्या माणसानं, माझ्याच बहिणीच्या तोंडून सांगितलं होतं.

बाबांनी पाइप खाली ठेवला.

"सहा वर्षं मी ही गाडी चालवतोय," ते म्हणाले. "मला कळायला हवं होतं. मास्तर आहे म्हणतो मी स्वतःला." मग ताईला म्हणाले, "स्टो आण."

"मी पेटवते," ताई म्हणाली. "याच्या हाताले रॉकेल लागलं आहे."

लागलंच होतं. ताईनं पदर कमरेला खोचला, इस्त्रीची साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि चाकापाशी मांडी घातली. सकाळपासून जी साडी तिनं बसून चुरगाळू दिली नव्हती, ती. आम्ही आधी रॉकेल पुसून काढलं, पाण्याची बादली शेजारी ठेवली. बाबांनी पत्रा आडवा धरला, टायरला झळ लागू नये म्हणून. स्टोला पंप मारून तिनं तो तिरका धरला. ज्योत नटाला लागली. रंग आधी चमकला, मग फुगला, मग त्याला फोड आले. अंगावर भाजल्यावर येतात तसे. ताईनं असे फोड तीन वर्षं पाहिले होते. तिनं तोंड फिरवलं नाही. मी फिरवलं. घाणेरडा, गोड वास अंगणभर पसरला.

"खरवड आता," ती म्हणाली.

मी पटाशी घेतली. रंग वाळल्या सालीसारखा निघत होता. गडद निळा, त्याखाली फिका निळा, मग पुन्हा गडद. कुठल्या वर्षी कुठला डबा आणला होता ते मला आठवत गेलं. शेवटच्या थराखाली तांबूस गंज, आणि त्याखाली नट. लहानसा. इतका लहान की मला हसू यायला हवं होतं. आट्यात भरलेला रंग ताईनं केसातल्या काट्यानं उकरून काढला.

काळा पाना लावला. पहिल्या झटक्याला नट हलला नाही. मी शिवी दिली. दुसऱ्यालाही नाही. काळा पाना मात्र घसरला नाही, नटाला धरून राहिला. बाबा म्हणाले, "पुन्हा गरम कर." पुन्हा जाळलं. मी दांड्यावर उभा राहिलो, माझ्या खांद्यांवर हात ठेवून बाबांनी वरून जोर दिला, मायनं मागून माझ्या कमरेला धरलं. कडाक्कन आवाज झाला. मला वाटलं, बोल्टच तुटला. खाली पाहिलं तर पाना पाव वळसा फिरला होता.

साडेअकरा वाजले होते. स्टेपनी चढवून निघेपर्यंत बारा.

त्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी मागे ट्रंकेवर बसलो होतो, धूळ खात, प्रत्येक खड्ड्याला चाकाकडं वाकून बघत. बाबा कधी नव्हे इतकी जोरात गाडी हाकत होते. आलापल्लीला इंजिन तापलं, दीड तास गेला. जंगलातल्या वळणावर गाईंचा कळप आडवा आला, दहा मिनिटं गेली. ताई पुढं बसून कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून होती. पाचला सतरा मिनिटं कमी असताना दवाखान्याच्या आवारात गाडी थांबली. कारकून टेबलाला कुलूप लावत होता.

हजर झाल्याचा अर्ज ताईनं उभ्यानंच लिहिला. सही केली तेव्हा तिचा अंगठा कागदावर उठला. निळा आणि काळा, मिसळलेला.

"बाई, डाग पडला," कारकून म्हणाला. "दुसरा कागद घ्या."

"तोवर पाच वाजतात," ताई म्हणाली. "हाच घ्या."

त्यानं तिच्या साडीकडं पाहिलं, बाहेरच्या जीपकडं पाहिलं आणि कागद फायलीत ठेवला.

आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. पाना माझ्याकडं होता. बाबा म्हणाले, मी देऊन येतो. मी म्हणालो, नाही, मी जातो. रस्त्यानं मी वाक्यं जुळवली. तुमचा पाना कामी आला, त्याबद्दल आभार, पण तुमच्याविषयीचं आमचं म्हणणं कायम आहे. चांगलं वाक्य होतं. पत्रकात शोभलं असतं.

मिस्त्री एका ट्रकच्या खाली उताणा पडला होता. मी दाराबाहेर उभा राहिलो आणि पाना पुढं धरला.

"पोचली का बाई?" त्यानं आतूनच विचारलं.

"पोचली. सतरा मिनिटं राहिली होती."

"बरं झालं." थोडा वेळ खटपट ऐकू आली. "माहे हात भरले आहेत. आत खिळा आहे, त्याले टांग."

खिळा समोरच्या भिंतीवर होता, सगळ्यात आत. मी आजूबाजूला पाहिलं. समोरच्या पानठेल्यावर वस्तीतले दोघंतिघं होते, माझ्याकडंच बघत होते. मी जुळवलेलं वाक्य आठवायला गेलो तर त्यातला एकच शब्द सापडला, "पण". ट्रकखाली एक नळी उघडी होती, तेल टपकत होतं. मिस्त्रीला घाई नव्हती.

मी आत गेलो आणि पाना खिळ्याला टांगला.